टाकीतली सवाष्ण

१

वनमालाकाकूंनी आयुष्यात नवस पुष्कळ केले. निलेश गणितात गटांगळ्या खात होता तेव्हा केला, नवऱ्याची बिडी सुटावी म्हणून केला, मिल बंद पडली तेव्हा तर एकाच दिवशी तीन देवांना केला. कोणाला तरी सवड असेल म्हणून. बिडीचा सोडून सगळे फेडले, कारण बिडी काही सुटली नाही. पण एक नवस त्यांनी असा केला, की ज्याला केला तो देव आहे का दुसरं काही, हे त्यांना तेव्हाही ठाऊक नव्हतं आणि आजही नाही. ही त्या नवसाची गोष्ट. हातातली भाजी निवडत राहा, कान तेवढा इकडे द्या.

मुलुंडला डोंगराच्या बाजूला एक चाळ होती. ती पाडून तिथे सात मजली इमारत झाली. लिफ्ट आली, घरात नळ आले, आणि पार्किंगच्या खाली एसटीपी आला. म्हणजे ती टाकी, जिथे साऱ्या बिल्डिंगचं सांडपाणी उतरतं आणि शुद्ध होऊन फ्लशला नि बागेला परत येतं. चाळीत हे काम उघडं गटार करायचं, आणि गटाराला कमिटी लागत नसे. इथे लागली. ‘एसटीपी कोण बघणार?’ असं मीटिंगमध्ये विचारल्याबरोबर सगळे आपापल्या चपलांकडे बघायला लागले. वनमालाकाकूंचे यजमान धाकूकाका मागच्या खुर्चीत पेंगत होते. पेंगताना मान हलली. धाकूकाका इन्चार्ज झाले.

वर्षभर ठीक चाललं. मग गणपती तोंडावर आले आणि घराघरात साफसफाई निघाली. देव येणार म्हणून प्रत्येकीने मोरीत ॲसिड ओतलं, आणि उरलेलं शेजारणीला दिलं. त्याच आठवड्यात टाकीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरची मोटर जळाली. आणि मग जो वास सुटला! उदबत्तीचे पुडे संपले, खिडक्यांना टॉवेल लागले, सेक्रेटरी सुनंदाताई लिफ्टमध्ये धाकूकाकांना म्हणाल्या, “राऊळ, वाट लावलीत तुम्ही बिल्डिंगची.”

काकूंची सून जान्हवी पोटुशी होती, सहावा सरत आला होता. ती माहेरची देवनारची, मुंबईच्या कचऱ्याच्या डोंगराशेजारची. “आई, डम्पिंगचा वास आला की आम्ही खिडकी लावून जेवायला बसायचो. पण हे? हे नाही होत मला.” उलट्या करकरून बिचारी पिवळी पडली, आणि एका सकाळी बॅग भरून माहेरी गेली. हवापालटाला मुलुंडहून देवनारला गेलेली ती पहिलीच बाई असेल.

त्या रात्री निलेश जेवता जेवता म्हणाला, “आई, वास नाही गेला तर आम्ही गोरेगावला भाड्याने बघतो. बाळाला इथे नाही आणणार मी.”

काकूंनी त्याला आणखी एक पोळी वाढली. त्याने नको म्हटलेलं त्यांना ऐकूच आलं नाही.

२

एसटीपीची देखभाल करणाऱ्या एजन्सीच्या देवेशला फोन लावला. धाकूकाकांना ऐकायला कमी येतं, म्हणून स्पीकर लावला.

“काका, टाकीत जिवाणू असतात. जिवंत. ते घाण खातात म्हणून पाणी स्वच्छ होतं. तुमच्या लोकांनी ॲसिड ओतून मारले ते. जे उरलेत ते उपाशी आहेत. मोटर दुरुस्त होऊन येईपर्यंत शेण नि गूळ कालवून रोज टाका. खाल्लं की वाढतील.”

धाकूकाकांना ऐकू आलं, शेण नि गूळ. काकूंना ऐकू आलं, उपाशी आहेत.

ज्या बाईच्या दारातून मांजरसुद्धा कधी रिकाम्या पोटी गेलं नाही, तिच्याच घराच्या तळाला कोणी उपाशी पडलंय. आणि तेही आपली घाण निमूट खाणारं! काकूंना दुपारचा घास गोड लागेना. धाकूकाकांचे गुडघे टाकीच्या जिन्याला नाही म्हणाले, तेव्हा शेणाची बादली घेऊन काकूच खाली निघाल्या. जाता जाता राहवलं नाही, म्हणून वाटीत वरणभात घेतला, वर तूप सोडलं. वाटी स्टीलची, नाव घातलेली: सौ. वनमाला धा. राऊळ. घरातल्या सगळ्या भांड्यांवर नाव होतं. चाळीत त्याशिवाय भांडं घरी परत येत नसे.

भर दुपार. पार्किंगच्या टोकाला जाळीचं दार, मग सिमेंटचा उतरता जिना. खाली ट्यूबलाइट फडफडत होती. जिथे ब्लोअर असायचा तिथे चार बोल्ट उभे होते. जमिनीत लोखंडी झाकणं, आणि एका झाकणाजागी नुसती जाळी. जाळीखाली पाणी. काळं, आणि इतकं थिजलेलं की पाहणाऱ्याला आपला श्वास मोठा वाटावा.

काकूंनी पदर नाकाला लावला, शेणगूळ ओतलं, वाटी कट्ट्यावर ठेवली. पाणी फिरवलं. सोबत कुंकवाच्या अक्षता आणल्या होत्या त्या जाळीतून सोडल्या, कारण अक्षतांशिवाय आमंत्रण कसलं?

“जेवून घ्या हो,” त्या पाण्याला म्हणाल्या. “रागावू नका आमच्यावर. आम्हाला कुठे कळत होतं? एवढा वास जाऊ दे, माझी सून घरी येऊ दे. घरी बोलावून, पाटावर बसवून, पान वाढीन तुम्हाला.”

पाण्यावर एक बुडबुडा आला. मोठा, सावकाश. फुटला तेव्हा ‘बरं’ म्हटल्यासारखा आवाज झाला.

गॅस असेल, काकूंनी मनाशी म्हटलं, आणि जिना जरा भराभर चढल्या.

३

दुसऱ्या दुपारी वाटी कट्ट्यावरच होती. रिकामी. घासलेली. पालथी घातलेली.

काकूंनी ती उचलून उजेडात धरली. राखेने घासावी तशी लखलखत होती. नावाच्या अक्षरांत किती वर्षांचा मळ बसला होता, तोही गेलेला. नाव असं ठळक दिसत होतं, जणू कोणी बोट फिरवून फिरवून वाचलंय.

वर येऊन त्यांनी धाकूकाकांना विचारलं, “अहो, खाली जाऊन वाटी तुम्ही घासलीत?”

“मियां? गो, मियां जन्मात कधी चायचो कप तरी धुतलंय? तुका खुळ लागलां काय?”

हे म्हणणं बिनतोड होतं. उंदीर खाईल, पण उंदीर घासत नाही. पार्किंगचा वॉचमन खाईल आणि घासणारही नाही. काकूंनी बराच विचार केला. ज्याला कोणाला जेवल्यावर वाटी घासून, निथळायला पालथी घालण्याची रीत आहे, ती वळणाची बाई असणार. पुरुषमाणूस असूच शकत नाही. एकदा बाई आहे म्हटल्यावर काकूंची भीती निम्मी झाली. उरलेली निम्मी त्यांनी पदराला बांधली आणि तिसऱ्या दिवशी वरणभाताबरोबर अळूवडीही नेली.

त्या दिवशी वाटीच्या काठावर कढीपत्त्याची पानं ओळीने काढून ठेवलेली सापडली. एकाला एक लावून, शेपट्या एकाच बाजूला.

“आवडत नाही होय,” काकू म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज त्या खोलीत जरा उशिराने थांबला.

४

वास कमी व्हायला लागला. आधी सातव्या मजल्यावरून गेला, मग सहाव्या. सुनंदाताईंनी बागेच्या नळाचं पाणी बाटलीत भरून उजेडात धरलं. काचेसारखं. धाकूकाकांनी बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकलं: ‘एसटीपी झकास. शंका असल्यास भेटावे. इन्चार्ज.’ अंगठ्यांचा पाऊस पडला. काकांनी त्या दिवशी दोन बिड्या जास्त ओढल्या.

काकूंना मात्र एक गोष्ट खटकत होती. मोटर अजून दुकानात होती. हवा सोडणारं यंत्रच नव्हतं, आणि खाली टाकीत पाणी रटरटत होतं. मोठ्या पातेल्यात भात शिजावा तसं. आपण जिन्यावर पाऊल ठेवलं की ते थांबायचं. उंबऱ्यावर कोणी आलं की घरातली कुजबुज थांबते ना, तसं.

एका दुपारी काकू तांदूळ निवडत बसल्या असताना उचकी लागली. पाणी प्यायल्या, साखर खाल्ली, थांबेना. मग रीतीप्रमाणे नावं घ्यायला लागल्या. ज्याच्या नावाला उचकी थांबेल, तो आपली आठवण काढतोय.

“जान्हवी?” उचकी. “निलेश?” उचकी. “माहेरची वहिनी?” उचकी. “सुनंदाताई?” त्याला दोन आल्या. शेवटी काकू हसल्या आणि गमतीने म्हणाल्या, “का खालची?”

उचकी थांबली. थांबली ती अशी, जणू आतून घशावर कोणी ओलं बोट ठेवलं.

आणि सिंकच्या नळीत खूप खोल, समाधानाचा एक ढेकर आला.

काकूंनी तांदळाचं ताट खाली ठेवलं. पाईप आहे, त्यांनी स्वतःला समजावलं. पाईपात हवा अडकते. मग उठून त्यांनी देवापाशी दिवा लावला आणि दिव्याला विचारलं, आपण नक्की कोणाला बोलावलंय? दिवा काही बोलला नाही. काकूंचे देव पहिल्यापासून कमी बोलणारे.

५

जान्हवी परत आली. दारातच तिने लांब श्वास घेतला, मग आणखी एक, आणि म्हणाली, “आई, भाताचा वास येतोय फक्त!” निलेशने गोरेगावचं नाव टाकलं. काकूंनी सुनेची दृष्ट काढली, सातव्यातल्या सोमवारी डोहाळजेवण ठरवलं, आणि मग एका जागी बसल्या.

नवस फेडायचा होता.

“काय बोललंस तू नेमकां?” धाकूकाकांनी विचारलं.

“घरी बोलावीन म्हणाले. पाटावर बसवीन.”

“घरात?” काकांची बिडी ओठातच विझली. “पोटुशी पोर घरात आसा! तां काय आसा, कसला आसा, माका ठावक नाय, तुका ठावक नाय. आणि तू तेका पाट मांडतलंस?”

वास गेला म्हणून सून आली होती, आणि सून आली म्हणून आता ते घरात बोलवायचं होतं. नवस मोडावा तर सून जाईल. फेडावा तर सुनेशेजारी काय येऊन बसेल कोण जाणे. रात्रभर विचार करून त्यांनी मधला मार्ग काढला. पान तेच, वाढणं तेच, फक्त खाली. काळ्या वाटाण्याचं सांबारं, वडे, खीर, असं केळीच्या पानावर सगळं मांडून त्यांनी कट्ट्यावर नेलं. पाटही नेला.

“इथेच गोड मानून घ्या हो,” त्या म्हणाल्या. “वर यायची लिफ्ट बंद आहे.”

ही त्यांची आयुष्यातली पहिली थाप. लिफ्ट व्यवस्थित चालू होती.

दुसऱ्या दिवशी पान तसंच होतं. खिरीवर साय धरली होती. एका शितालाही स्पर्श नव्हता. पाट तेवढा उचलून उभा करून भिंतीला टेकवला होता, न बसता उठलेल्या पाहुणीसारखा.

काकू वर आल्या तर वासही त्यांच्याआधी वर आलेला. साऱ्या बिल्डिंगमध्ये नाही, फक्त राऊळांच्या बाथरूममध्ये. आणि मोरीच्या जाळीखाली मधून मधून आवाज येत होता. घंटी वाजवण्याआधी माणूस घसा खाकरतो तसा.

जान्हवी तोंडावर ओढणी धरून उभी होती. “आई, माझी बॅग कुठे ठेवलीत?”

काकूंना रडू आलं. तिला पलंगावर बसवून त्यांनी सगळं सांगितलं. वाटी, कढीपत्ता, उचकी, लिफ्टची थाप, सगळं. आता ही हसेल नाहीतर कायमची जाईल, असं त्यांना वाटलं. जान्हवीने पोटावर हात ठेवून सगळं ऐकून घेतलं.

“जेवून वाटी घासते ना ती?”

“हो गं.”

“पालथी घालते?”

“हो.”

“मग येऊ दे ना, आई. निलेशपेक्षा बरीये.”

६

सोमवारची दुपार. बायका संध्याकाळी ओटीला यायच्या होत्या, निलेश ऑफिसला गेला होता. काकूंनी बाथरूम धुतलं, मोरीसमोर रांगोळी घातली, पाट मांडला, पान वाढलं. फोडणीत कढीपत्ता घालायचा नाही हे पक्कं ठरवलं होतं, आणि सवयीने घातलाच.

धाकूकाकांनी बाहेरच्या खोलीतून बजावलं, “ह्यां बघ. जेवाण घाल. नवस फेड. पण जाताना ‘परत येवा’ म्हणू नको. काय? तोंडार फडको बांध, पण म्हणू नको.”

“नाही म्हणत हो.”

“तुझी सवय माका ठावक आसा. मीटर रीडिंगवाल्याकसुदा परत येवा म्हणतंस.”

देव जेवताना बघू नये अशी रीत आहे. काकूंनी बाथरूमचं दार लोटलं. दमटपणाने फुगलेलं ते दार बोटभर उघडंच राहिलं. दाराकडे पाठ करून त्या जान्हवीशेजारी बसल्या. पुढ्यात तिचं ताट आणि पाण्याचा तांब्या. काकूंनी डोळे मिटून हात जोडले.

“या हो,” त्या म्हणाल्या. “पान वाढलंय.”

खाली कोणाची तरी गाडी रिव्हर्स घेताना वाजत राहिली. मग मोरीची जाळी सरकल्याचा आवाज. हळू, दुसऱ्याच्या घरी भांडं सरकवावं तसा. पाणी वर येत गेलं, सांडलं मात्र नाही.

मग पाट करकरला. बसणाऱ्याच्या वजनाने करकरतो तेवढाच.

वास नव्हता. पाऊस पडून गेलेल्या डोंगराचा असावा तसा थोडा ओलावा तेवढा. आणि रटरट. अगदी बारीक, असंख्य तोंडं मिळून एकच घास खात असल्यासारखी.

जान्हवीने काकूंचा हात घट्ट धरला. “आई, बाळ एकदम गप्प झालं. कान देऊन बसल्यासारखं.”

काकूंनी बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि त्यांनी बघितलंही नाही. डोळे उघडले ते समोरच्या तांब्यावर. तांब्या लखलखीत होता, त्याच्या पोटात मागचं दार दिसत होतं, दाराची फट दिसत होती, आणि फटीत पाट. पाटावर मांडी घालून कोणी बसलं होतं. डोक्यावरून पदर घ्यावा तसा पाण्याचा एक पडदा, त्यातून पलीकडची रांगोळी दिसत होती, जराशी हलती. पडद्यातून एक हात निघाला, किंवा हाताच्या बेताचं काही, आणि त्याने पानावरून कढीपत्ता उचलून काठाला लावला. शेपटी बाकीच्यांच्या बाजूला.

मग पदराखालचं ते डोकं सावकाश वळायला लागलं. तांब्याकडे.

काकूंनी डोळे गच्च मिटले. ओठ दातांत धरले. पाट पुन्हा करकरला, उठताना करकरतो तसा. काकूंच्या जिभेवर जन्माची सवय वळवळत होती, पण त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि एक अक्षर बाहेर पडू दिलं नाही.

आणि त्या शांततेत बाहेरच्या खोलीतून, कोकणी वळणात साठ वर्षं मुरलेला, खणखणीत, अगत्याचा आवाज आला:

“परत येवा हां!”

धाकूकाकांनी स्वतःच्या तोंडावर हात मारला. तो मारल्याचा आवाजही ऐकू आला.

मोरीत पाणी क्षणभर थांबलं. मग खाली निघालं, मजल्यामजल्याने, राऊळांच्या पाचव्याच्या पाईपातून चौथ्याच्या, चौथ्याच्या तिसऱ्याच्या, आणि पार तळातून एक शब्द वर आला. आपल्याकडे निघालेली बाई ‘जाते’ म्हणत नाही. तीही म्हणाली नाही.

“येते.”

७

पाटासमोर पान धुऊन पुसून ठेवल्यासारखं होतं. वाटी पालथी. काकूंनी ती उचलली तर खाली अक्षता निघाल्या. त्या पहिल्या दिवशी जाळीतून सोडलेल्या. कोरड्या ठणठणीत, कुंकू अजून ताजं लाल. जान्हवीने त्या न विचारताच ओटीत घेतल्या. काकू ‘अगं’ म्हणेपर्यंत घेतल्यासुद्धा.

मुलगी झाली. सई. गोरी, गुटगुटीत, खणखणीत. मोटर दुरुस्त होऊन आली आहे, ती चालूही असते. पाणी तिच्यामुळे स्वच्छ आहे असं धाकूकाका मीटिंगमध्ये सांगतात आणि सुनंदाताई टाळी वाजवतात. दर महिन्याच्या एका सोमवारी राऊळांकडे बाथरूमसमोर पाट मांडला जातो, आणि त्या दुपारी धाकूकाकांना भाजी आणायला धाडतात. लांबच्या बाजारात. पण एकदा बोललेलं बोललं.

सई आता भात खाते. तिच्या ताटलीत कढीपत्ता आला तर काठाला लावते, ओळीने. तिला उचकी लागली की काकू नावं घेत बसत नाहीत, एकदम एकच घेतात. थांबते. मोरीजवळ रांगत जाऊन ती तासन्‌तास हसते. खालून काय ऐकू येतं ते तिचं तिलाच माहीत. पोर आजारी म्हणून कधी पडली नाही, हेही खरं.

तेव्हा बायांनो, काकूंचं मागणं एवढंच आहे, आणि ते मी तुमच्यापर्यंत पोचवते. सणाला घर घासा, पण मोरीत ॲसिड ओतू नका. आपली घाण पोटात घालणारी कोणी ना कोणी तुमच्याही इमारतीखाली बसलेली असेल. सोमवारी तिच्या नावाने वाटीभर वरणभात ठेवा, वर तूप सोडा. राऊळांचं पाणी जसं निवळलं, तसं तुमचं निवळो. त्यांची सून घरी आली, तशी तुमची माणसं घरी येवोत. घाबरू नका, ती वळणाची आहे.

आणि वाटी मात्र नाव घातलेलीच ठेवा. तिला घर सापडायला हवं.